चुलीपाशी न म्हटलेलं भजन

एस्तेरआक्का,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुला माहीतच आहे. मिशनच्या दवाखान्याच्या धुण्याच्या वहीत मी 'चादरी' लिहिलं की डॉक्टर मडमसाहेब चष्मा पुसून पुन्हा बघायच्या. ऱ्हस्वदीर्घ मला चौथीत जेवढं आलं तेवढंच येतं, आणि चौथी होऊन आता सोळा वर्षं झाली. तू असतीस तर एकेका चुकीवर बोट ठेवलं असतंस, आणि मी चिडून वही ओढून घेतली असती. आता बोट ठेवायला कोणी नाही म्हणून चुका जास्तच होतील. तशाच वाच.

हे मी धुण्याच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही. तुझ्या कबरीपाशी दोनदा जाऊन आले. तिथे तोंडातून शब्द निघाला नाही. तू म्हणशील, त्यात नवीन काय.

तुला जाऊन तीन महिने होत आले. आणि आक्का, तुझ्यावर चोरीचा आळ आला आहे. तू जिथे आहेस तिथे असल्या गोष्टी कोणी सांगत नसेल, म्हणून मी सांगते. बायकांच्या मंडळाच्या डब्यातले सत्तावीस रुपये तू घेतलेस असं सगळ्या म्हणतात. घेतलेस हे खरंच आहे. कशाला घेतलेस ते फक्त मला माहीत आहे, आणि मी मंडळाच्या सभेत दाराजवळ बसून गप्प राहिले. सुगीच्या सणाला वर्षाचा हिशोब देवळात वाचतात. तोवर डबा भरला नाही तर तुझ्या नावापुढे जे लिहितील ते कायमचं राहील. आज माझ्याजवळ अठरा रुपये आहेत. नऊ कमी आहेत.

पण पैशाचं मागून. आपलं भांडण राहिलं आहे ते आधी.

त्या रविवारचं. पेठेत पटकी सुरू होऊन आठ दिवस झाले होते. दवाखान्यातल्या दोन नर्सबाया आजारी पडल्या, तिसरीला तिचा बाप येऊन घेऊन गेला. उपदेश संपल्यावर मडमसाहेब पुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं. "मला माणसे पाहिजेत," त्या म्हणाल्या. "मजुरी नाही. भीती पुष्कळ आहे. कोण येते?" कोणी हललं नाही. सगळे गुडघ्यांकडे बघत बसले. मीही बघत होते. माझा हात नेहमीसारखा तुझ्या हातात होता. तू उठलीस, आणि माझं मनगट धरून तुझ्याबरोबर वर केलंस.

"दोघी," तू म्हणालीस.

मागून लाजरमामा ओरडला, "आन् मी धरून तीन! आवो माजं नावच लाजर हाय, शास्त्रातल्यावानी. येकदा मरून उठलेला मानूस, पटकी मला काय करतीया?" सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबसुद्धा. पुढे कितीतरी दिवस त्या देवळात कोणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर मी तुला म्हणाले, "मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय नाही गं, घाई झाली."

आजाऱ्यांसाठी मिशनची शाळा मोकळी करायची होती; हेच भांडण आपण तिथे पोचेपर्यंत केलं, मग रोज थोडं थोडं केलं, आणि ते संपलं नाही. मला अजून राग येतो, आक्का. हात माझा होता. आणि रागावून झालं की वाटतं, तू नसता वर केलास तर तो जन्मभर मांडीवरच राहिला असता.

तसाच तो हात तू आधीही एकदा धरला होतास. नवरा रेल्वेच्या कामावर असताना तापाने गेला आणि मी होटगीहून बोचकं घेऊन दवाखान्याच्या दारात आले, तेव्हा. माहेर इथलंच, पण भावजयीने मला घरात घेतलं नव्हतं. तू कोण, कुठली, काही विचारलं नाहीस. "भाकरी थापता येते का?" एवढंच विचारलंस. माझी मान हलली. "मग माझी सुटका झाली," म्हणालीस, आणि आपल्या खोलीतली अर्धी जागा मला दिलीस. रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी प्रभूच्या मडक्यात टाकायची, हे तूच शिकवलंस. घरात काही नसेल त्या दिवशीही मूठ टाकायचीच. रविवारी सगळ्या बायका आपापलं मडकं देवळात रिकामं करायच्या, ती ज्वारी विकून पैसे डब्यात जायचे, आणि डब्याची किल्ली तुझ्या कमरेला. असे दोन वर्षांचे सत्तावीस रुपये. देवळात भिंतीवर घड्याळ लावायचं, असं मंडळाने ठरवलं होतं.

शाळेचे वर्ग आपण धुतले तो दिवस आठवतो? बाकं बाहेर काढली, खाटा आत आणल्या. लाजरमामाने प्रत्येक खाटेच्या नवारीला मधोमध भोक पाडलं आणि खाली बादली ठेवली. चौथीच्या वर्गात फळ्यावर कोणाचं तरी अर्धं गणित तसंच होतं. ते शेवटपर्यंत कोणी पुसलं नाही. मी त्याच वर्गात शिकले. त्याच वर्गात शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मला कविता म्हणायला उभं केलं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी देवळातही नुसते ओठ हलवते. तुझ्याशेजारी बसून दोन वर्षं ओठ हलवले, आणि तुला ते पहिल्याच रविवारी कळलं होतं. तू कोणाला सांगितलं नाहीस.

काम कसं वाटून घेतलं होतं आपण. मडमसाहेब शिरेत मिठाचं पाणी सोडायच्या. तू माणसाचा दंड धरायचीस, त्याच्याशी बोलायचीस, बाटली रिकामी झाली की दुसरी द्यायचीस. लाजरमामा विहिरीवरून पाणी आणायचा आणि मेलेल्यांना गाडीत घालून न्यायचा. माझी चूल, चौथीच्या वर्गाच्या खिडकीखाली, चिंचेच्या सावलीत. शिरेतलं पाणी, प्यायचं पाणी, फडकी, सगळं माझ्या तीन पातेल्यांतून जायचं.

पण किती वेळ उकळायचं ते कळणार कसं? शाळेचं घड्याळ बंद पडलेलं, आणि मडमसाहेबांचं खिशातलं नाडी बघायला लागायचं. तेव्हा तू ते सात कडव्यांचं भजन धरलंस. उकळी फुटली की मी खिडकीवर पळी वाजवायची, तू आतून म्हणायला सुरुवात करायचीस. धृपदासकट तीन वेळा संपलं की पातेलं खाली. पहिल्या दिवशी मडमसाहेबांनी घड्याळ हातात धरून मोजलं. मग म्हणाल्या, "एस्तेर, तुझा गळा बरोबर चालतो. त्याला किल्लीसुद्धा द्यावी लागत नाही."

नंतर सगळं कामच त्या भजनावर चालायला लागलं. दुसऱ्या कडव्याला लाजरमामा बादल्या बदलायचा. पाचव्याला चुन्याची फक्की. नरसव्वा आठवते ना, पेठेतली विणकरीण, नवरा दुसऱ्याच दिवशी गेला आणि मुलगी तिसऱ्या खाटेवर? तिला मराठी चार शब्द येत नव्हते. तीही मुलीच्या पायाशी बसून धृपद म्हणायची, शब्दांना तेलुगू शेपूट लावून. लाजरमामा म्हणायचा, "ही बाई प्रभूला पेठंतच नांदवायला निघालीया." ज्यांना उठवत नव्हतं तेही ओठ हलवायचे. माझ्यासारखे.

पाचव्या दिवशी लाकूड संपलं. वखारवाला म्हणाला, "उधार बंद. ज्याच्या नावावर लिहावं त्यो सांजपतुर असतोय का?" मडमसाहेबांनी पैशासाठी मिशनच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नव्हतं. दुपारी तू मला देवळात घेऊन गेलीस आणि डब्याला किल्ली लावलीस.

"ते घड्याळाचे आहेत," मी म्हणाले.

"घड्याळ कशाला हवं होतं?"

"उपासना वेळेवर सुरू व्हावी म्हणून."

"उपासनेला माणसं उरायला नकोत?"

"देवाला वाहिलेत, आक्का. बायकांनी तोंडचा घास काढून दिलेत."

"घास काढला तो कोणाच्या तरी तोंडात घालायलाच ना? का भिंतीला टांगायला?"

"मंडळाला विचार तरी."

"मंडळ भरेपर्यंत तिसरी खाट रिकामी होईल. सुगीच्या आत माझ्या पगारातून भरते. तोवर कोणाजवळ बोलू नकोस." आणि मग हसून म्हणालीस, "तुला काय अवघड आहे! न बोलणं तर तुला चांगलंच जमतं."

मला ते लागलं. तो रुमालात बांधलेला पैसा मीच पदराखाली धरून वखारीवर नेला, पण वाटभर तुझ्याशी बोलले नाही. वखारवाल्याने पावती दिली नाही. पुढे आठ दिवसांत तोही गेला. तेव्हा आता तुझ्या बाजूने बोलायला ना कागद, ना माणूस. एक मी आहे.

आता नववा दिवस.

हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. आज उठणार नाही.

सकाळी तुझा घसा बसला. आठ दिवस तो चालला होता, बसणारच. तू खिडकीशी येऊन खुणेने आणि फाटक्या आवाजात म्हणालीस, "आज तू म्हण."

"मला नाही येत."

"भजन पाठ आहे ना?"

"आहे. पण मोठ्यानं..."

"सगुणा, मी माणसांकडे बघू का पाण्याकडे?" आणि आत गेलीस. रागावली नव्हतीस. तुला वाटलं, मी म्हणेन. एवढी माणसं मरत असताना कोणी लाजेल, हे तुझ्या मनातही आलं नसेल.

चुलीपाशी पेठेतले दहाबारा पुरुष घागरी घेऊन उभे होते, घरी प्यायचं पाणी न्यायला. रात्री लाकूड भिजलं होतं, धूर फार, जाळ कमी. मी पदर पुढे ओढला. एकजण म्हणाला, "काय बाई, आज गानं न्हाय का?" दुसरा म्हणाला, "गानारी येगळी. ही मुकी हाय." ते काही वाईट बोलले नाहीत. पण माझ्या गळ्याला पुन्हा चौथीचा वर्ग येऊन बसला. मी भजन मनात म्हटलं.

आक्का, मनात म्हटलेलं भजन पळतं. मनाला श्वास घ्यावा लागत नाही. तू ज्या ओळीवर थांबून पुढची ओळ उचलायचीस तिथे मन थांबतच नाही. मला तेव्हा ते कळलं नाही, का कळत होतं आणि त्या लोकांच्या नजरेतून लवकर सुटायचं होतं, हे आता मलाच सांगता येत नाही. तीन वेळा झालं म्हणून मी पातेली उतरवली. लाजरमामा बादली घेऊन आला, पातेल्यांकडे बघितलं, म्हणाला, "आज बिगीनं झालं गं?"

मी म्हणाले, "झालं."

त्यातलं एक पातेलं आपल्या खोलीत गेलं, आपल्या सगळ्यांच्या प्यायला. ते मीही प्याले. मडमसाहेब प्याल्या, लाजरमामा प्याला. आम्हांला काही झालं नाही, असं मी रोज स्वतःला सांगते. मग आठवतं की तू त्या दिवशी एकामागून एक दोन तांबे प्यायलीस. घसा बसला होता म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू भिंतीला धरून उभी होतीस. मडमसाहेबांना म्हणालीस, "आता माझ्या खाटेला भोक पाडा."

पुढचं सगळं भरदुपारी झालं. ऊन असं लख्ख होतं की लपायला जागा नव्हती. तुला चौथीच्या वर्गात खिडकीपाशी ठेवलं, नरसव्वाच्या मुलीच्या शेजारी. तुझी नखं निळी झाली, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. मडमसाहेब शीर शोधत होत्या. तू दुसऱ्यांच्या कितीतरी शिरा त्यांना शोधून दिल्यास, तुझी मात्र सापडेना. सापडली तेव्हा मिठाच्या पाण्याची एकच बाटली उरली होती, ती निम्मी झाली. माझी पातेली चुलीवर, उकळी नुकती फुटली होती. मी खिडकीवर पळी वाजवली. रोजची सवय. आणि पळी वाजवल्यावर लक्षात आलं, की आतून आता कोणी सुरू करणार नाही.

तू मान वळवलीस. डोळे खोल गेले होते, पण मलाच बघत होते. तुझा आवाज म्हणजे नुसता वारा होता. एकच शब्द बोललीस.

"मोठ्यानं."

चुलीपाशी तेच पुरुष होते. मी तोंड उघडलं. पहिली ओळ कशी आली ते ऐकलंस ना? कोंबडी चिरल्यासारखी. कोणी हसलं नाही. मी खिडकीचा गज धरून म्हणत राहिले, तू थांबायचीस तिथे थांबत, तू श्वास घ्यायचीस तिथे घेत. धृपदाला नरसव्वा आतून मिळाली. मग लाजरमामा, बादली हातातच. पहिलं आवर्तन संपलं. मी मनात देवाला म्हणत होते, आता म्हणते आहे ना, आता तरी, आता तरी. दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या कडव्याला मडमसाहेबांनी तुझं मनगट सोडलं. घड्याळ खाली ठेवलं. तुझा हात उचलून छातीवर ठेवला.

मी थांबले. कडव्याच्या मधेच.

मडमसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर सगळं पाणी होतं, घामाचं का डोळ्यांचं ते कळत नव्हतं. त्यांनी शेजारच्या खाटेकडे हात केला. नरसव्वाच्या मुलीकडे. तिची बाटली संपली होती. मग त्यांनी बोट वर केलं, म्हण.

तू तिथे पडली होतीस आणि मी म्हटलं, आक्का. ते चौथं कडवं पुन्हा पहिल्या ओळीपासून, मग पाचवं, सहावं, सातवं. मग सगळं तिसऱ्यांदा. तुझ्याकडे पाठ फिरवली नाही. एक ओळ घाईने उरकली नाही. मग पातेलं उतरवलं. ते पाणी त्या मुलीच्या अंगात गेलं. ती जगली. आता भाकरी खाते, आईबरोबर मागावर बसते. मी तिच्याकडे बघते तेव्हा मला आनंद होतो आणि त्याच वेळी मला तिचा राग येतो. हे पाप आहे हे मला माहीत आहे. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

उन्हं उतरताना तुला नेलं. चुना, एक चादर, पेटी नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ती मला ऐकू आली नाही. लाजरमामाने गाडी हाकली. खड्ड्यापाशी तो गाडीच्या चाकाला धरून बसला आणि म्हणाला, "उट की गं पोरी. माजं नाव घे. म्हाताऱ्याला काय करायचंय ते? घे माजं नाव आन् उट." त्याला उठवायला दोन माणसं लागली.

त्या आठवड्यात मी प्रार्थना केली नाही. प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. मला नुसतं पाणी उकळायचं होतं.

साथ ओसरल्यावर एक दिवस मी मडमसाहेबांना विचारलं. सगळं नाही सांगितलं. पाणी लवकर उतरवलं तर काय होतं, एवढंच. त्यांनीच मला उलट विचारलं, "पाणी उकळले होते काय? मोठे बुडबुडे होते काय?"

"हो."

"मग पटकीचे जंतू तेवढ्यात मरतात. जास्त वेळ शिरेतल्या पाण्यासाठी होता. एस्तेर दिवसभर आजाऱ्यांना हाताने पुसत होती. पेठेत घरोघर जात होती. कोठून आले ते देव जाणतो. तुझा दोष नाही, सगुणा."

त्या खोटं बोलत नाहीत. पण मला ते बुडबुडे आठवत नाहीत, आक्का. मी डोळे मिटून त्या पातेल्यात बघते तर नुसता धूर दिसतो. मी 'हो' म्हणाले तेही 'झालं' म्हणाले तसंच म्हणाले असेन. उकळलं होतं का ते पाणी? तुला माहीत असेल तर कसंही करून सांग.

मग ती सभा. पाळकबाईंनी डबा उघडला. आत तुझा रुमालसुद्धा नव्हता, तो वखारीवर गेला होता. पाळकबाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, बायांनो. पण डबा काही आपोआप रिकामा होत नाही." कोणी तरी म्हणालं, "पुढं ना मागं. येकट्या बाईला पैसा लागतोय कशाला?" माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. वखार, लाकूड, रुमाल कोणी नेला ते. पण लाकडाचं सांगितलं तर चुलीचं निघेल, चुलीचं निघालं तर नवव्या दिवसाचं निघेल. मी दाराच्या फळीवरच्या गाठी मोजत बसले. पुन्हा ओठसुद्धा हलवले नाहीत.

घरी येऊन मी दुसरं मडकं मांडलं. आता रोज दोन मुठी टाकते, एक मंडळाची, एक तुझी. भाकरी एक कमी होते, त्याने काही बिघडत नाही. पगारातलं अर्धं बाजूला ठेवते. लाजरमामाला कसं कळलं माहीत नाही, मी काही बोलले नव्हते. एक दिवस येऊन रुमालाची गाठ सोडली आणि तीन रुपये माझ्या पुढ्यात ठेवले. "लाकडं मीबी वाहिली हुती. येवडे माजे." नरसव्वाने तिच्या मागावरचं एक लुगडं आणून दिलं, हिरवं, लाल काठाचं. मी नको म्हणाले तर तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि "अम्माचं" एवढंच म्हणाली. ते चार रुपयांना गेलं. विकताना माझा जीव तुटला. तुला हिरवं शोभायचं.

असे अठरा. आज इथे थांबते. तेल संपत आलं आहे.

*

आक्का, आज सुगीचा सण झाला. महिन्याने लिहिते आहे.

देवळात कणसांच्या पेंढ्या लावल्या होत्या, भोपळे, मिरच्या, कोणी तरी जिवंत कोंबडी पाय बांधून ठेवली होती, ती उपदेशभर बोलत होती. तू असतीस तर आपल्याला हसू आवरलं नसतं. उपासनेनंतर पाळकबाईंनी मंडळाची वही उघडली. "घड्याळाच्या पैशाबद्दल," त्या म्हणाल्या, आणि चष्म्यातून सगळ्यांकडे बघितलं.

मी दाराजवळच बसले होते. उठले. कोणी माझं मनगट धरलं नव्हतं. मधल्या वाटेने पुढे गेले आणि पुरचुंडी टेबलावर ठेवली. गेल्या रविवारी माझी चांदीची साखळी सोनाराकडे दिली, त्यात उरलेलं बसलं.

"हे कसले?" पाळकबाईंनी विचारलं.

मी बोलले, पण मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल, सगुणा. मागं ऐकू जात नाही."

त्यांना काय माहीत, तो शब्द कोणाचा होता. मी मागे वळले. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी सांगितलं. लाकूड संपलं होतं, वखारवाला उधार देत नव्हता, एस्तेरआक्काने डबा उघडला आणि पैसे मी पदराखाली नेले. त्या लाकडावर पाणी तापलं आणि त्या पाण्यावर कितीजण जगले, ते इथे बसलेत, मोजा. त्या दिवशी सभेत मी गप्प बसले, ती चोरी माझी. एवढं बोलले आणि टेबलाला धरून उभी राहिले. मागून लाजरमामा म्हणाला, "खरं हाय त्ये. समदं खरं हाय." शेवटच्या रांगेत नरसव्वा मुलीला घेऊन उभी होती. सण बघायला आली होती. तिला किती कळलं कुणास ठाऊक, पण ती उभीच राहिली.

नवव्या दिवसाचं मी तिथे बोलले नाही. ते तुझ्या माझ्यातलं आहे. तू विचारशील तेव्हा सांगेन, आणि तू नाही विचारलंस तरी रोज सांगेन.

पाळकबाईंनी पैसे मोजले. एकदा मोजून पुन्हा मोजले. मग दौतीत टाक बुडवला. "कोणाच्या नावावर जमा करू? तुझ्या?"

"एस्तेरबाईंच्या."

"पण दिलेस तर तू."

"घेतले त्यांनी होते. त्यांनीच फेडले, असं लिहा."

त्यांनी लिहिलं. शाई टिपली. मग चष्मा नीट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "एस्तेरबाई यांजकडून, साथीत लाकडाकरिता घेतलेले रुपये सत्तावीस, पूर्ण फिटले."